आईचा कोंडा आणि बिनघरी गोगलगाय

"सांगतो, पण तुमच्यापैकी एकही जण विश्वास ठेवणार नाही," असं तामेझो म्हणाला की जपानातल्या कोकुराच्या चढावरच्या त्या गल्लीतली माणसं आधी बूड टेकायला जागा शोधायची. "नाहीच ठेवणार. बोला!" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मग तामेझो बोलायचा. हयातभर त्यानं तातामी चटया शिवल्या होत्या. आता गुडघे गेले होते, हातातली सुई सुटली होती, जीभ मात्र अजून धारेची होती. एकदा म्हणे त्यानं खाडीतल्या एका ऑक्टोपसला सुई धरायला शिकवलं. आठ हातांनी तो दुपारपर्यंत अख्ख्या खोलीच्या चटया शिवून मोकळा व्हायचा. "पण मेला कायम ओला. चटयांना बुरशी यायला लागली, गिऱ्हाइकं बोंबलायला लागली. शेवटी रडत रडत समुद्रात सोडून आलो. तोही रडला असेल, पण पाण्यात कसं कळणार?"

अशा थापांचा कुणाला काही त्रास नव्हता. पण त्या जूनच्या पावसात तामेझोनं जी थाप रचली, ती कुणाला हसवायला नव्हती. त्याला स्वतःलाही तिचं हसू आलं नाही.

आता तो पाऊस. तो असा लागला होता की गल्लीतल्या मांजरांच्या पाठीवर शेवाळ उगवलं, आणि न्हाव्याच्या दुकानातल्या आरशात माणसं आपला चेहरा बघायला गेली तर मागे मासे दिसायचे. हे खरं मानायचं नसेल तर मानू नका. एवढं मात्र खरं, की घरात ओल भरली आणि ओलीबरोबर गोगलगाई आल्या. शंखवाल्या नव्हेत. शंखवाली परवडली, ती बिचारी आपलं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरते. या बिनघरी. नागड्या, करड्या, बोटभर लांब. स्वतःला घर नाही म्हणून दुसऱ्याच्या घरात घुसायचं, आणि रात्रभर हिंडून सकाळी फरशीवर चंदेरी रेघोट्या सोडायच्या.

तामेझोची बायको हिसानो नेमकी त्याच दिवसांत हिरोशिमाला निघाली. लेक सायोको तिथं बाळंत व्हायची होती. हिसानोनं बोचकं बांधलं, छत्री काढली आणि नवऱ्याला स्वयंपाकघरात मोरीशेजारच्या कोपऱ्यात उभं केलं. तिथं दगड ठेवून झाकलेली एक मोठी बरणी होती.

बरणीत तांदळाचा कोंडा होता. मीठ घालून भिजवलेला, आंबवलेला, ओल्या वाळूसारखा. त्यात काकडी, मुळा, वांगं पुरून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी काढून भाताबरोबर खायचं. बांगडा शिजवताना त्यातलाच एक डाव पातेल्यात पडायचा. कोकुरात हे घरोघरी असतं. पण हिसानोचा कोंडा तिच्या आजीनं लावलेला होता. युद्धात माहेरचं गाव यावाता जळालं तेव्हा तिच्या आईनं लग्नातल्या किमोनोंची पेटी तिथंच टाकली आणि ही बरणी पोटाशी धरून डोंगर चढली. पुढं हिसानो सासरी आली ती बरणी घेऊनच. तेव्हापासून घरात कुणी त्याला कोंडा म्हणालं नाही. त्याला आईच म्हणायचे.

"रोज सकाळी हात घालायचा," हिसानो म्हणाली. "तळापर्यंत. खालचं वर, वरचं खाली."

"चटई उलटतात तसं."

"चटई नाही ती. चटईला जीव नसतो."

"माझ्या चटयांना असायचा."

"अहो, थट्टा पुरे. एक दिवस चुकला तर रुसते. चार दिवस चुकले तर मरते. कोरडा कोंडा त्या डब्यात भरून ठेवलाय, पाणी सुटलं तर त्यातला मूठभर घाला. दोन वांगी आहेत आत, ती उद्या काढून खा, विसरू नका." मग म्हणाली, "सायोकोला दिलेला वाटा मेला हो. शहरातला तो कोंदट फ्लॅट. फोनवर रडत होती. ती मोकळी झाली की मी येते आणि तिच्यासाठी पुन्हा काढते. तोवर आई तुमच्या हातात."

तामेझोनं छाती पुढं काढली. "अगं, मी वादळात होडी हाकलेला माणूस."

"तुम्ही होडीत बसलेला माणूस. हाकत होता माझा भाऊ," हिसानो म्हणाली आणि गेली.

आता तामेझोचं एक गुपित. वादळाला तो भ्याला नाही, बाँबला भ्याला नाही, सासऱ्यालाही फारसा भ्याला नाही. पण लहानपणी एकदा अनवाणी पायाखाली गोगलगाय आली होती, आणि तो थंडगार बुळबुळीत स्पर्श सत्तरी उलटली तरी तळव्यातून गेला नव्हता. दुसऱ्याच सकाळी फरशीवर रेघोटी दिसली आणि रेघोटीच्या टोकाला ती स्वतः. तामेझोनं मिठाचं भांडं आणलं आणि लांबूनच तिच्यावर मूठभर मीठ फेकलं. ती आक्रसली. अंगातून फेस आला. वळली, पुन्हा वळली, मग लहान लहान होत गेली आणि शेवटी तिथं नुसता एक ओला डाग उरला. तामेझो ते सगळं बघत उभा राहिला. बघू नये असं वाटत होतं, पण बघत राहिला.

"मीठ?" खिडकीतून आवाज आला. शेजारची किनुए, टोफू विकणारी, अख्ख्या गल्लीची वहिनी. "अहो दादा, बघवतं तुम्हाला ते? जुन्या चॉपस्टिकनं उचलायच्या आणि भिंतीपलीकडं टाकायच्या. आम्ही तसंच करतो."

"कोणत्या भिंतीपलीकडं?"

किनुए थोडी चाचरली. "ही आपली... मधली."

"म्हणजे माझ्याकडं!"

"मग तुम्ही माझ्याकडं टाका की! फेडाफेड होईल."

तेव्हापासून रोज सकाळी मधल्या भिंतीवरून गोगलगाई उडायला लागल्या. एक तर म्हणे इतकी सरावली की चॉपस्टिक दिसली की स्वतःच वर चढून बसायची. हे तामेझोचं म्हणणं. पण त्याच्या स्वयंपाकघरात काही त्या कमी झाल्या नाहीत. एका सकाळी त्यानं पाहिलं तर चंदेरी रेघ मोरीतून निघाली होती, फरशी ओलांडून बरणीपाशी आली होती, बरणीच्या पोटावरून वळसा घेत वर गेली होती आणि झाकणाच्या काठाशी नाहीशी झाली होती.

तामेझोनं झाकणाकडं हात नेला आणि मागं घेतला. म्हणाला, उद्या.

उद्या पुन्हा रेघ होती. पुन्हा उद्या. तो कोपऱ्यावरच्या नूडलवाल्याकडं जेवायला लागला आणि स्वयंपाकघरातून जाताना बरणीकडं पाठ करून जायला लागला, सावकाराच्या दारावरून जावं तसा.

मग फोन आला.

"मुलगी झाली!" हिसानो ओरडली. "दोघी खुशाल. आई कशी आहे?"

स्वतःची चौकशी आधी होईल असं तामेझोला वाटलंच नव्हतं. "मजेत आहे."

"ढवळता ना रोज?"

"रोज."

"वास कसा येतो?"

"तुझ्यासारखा."

पलीकडं हिसानो हसली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात हसायची तशी. "चावट कुठले! सायोको म्हणते, काही खाल्लं तरी तोंडाला चव नाही. आईच्या हातची काकडी पाहिजे म्हणते. तिला सांगितलं, बाबा सांभाळताहेत. बाबांवर सोपवलंय म्हटल्यावर पोरगी निवांत झोपली बघा."

फोन ठेवल्यावर तामेझोला बसवेना. पोरगी निवांत झोपली. आपल्या भरवशावर. तो तडक मोरीपाशी गेला, कोपरापर्यंत हात धुतले, दगड उतरवला, झाकण काढलं. वर पांढरी साय धरली होती आणि वास असा आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. अजून मेली नसेल, त्यानं मनाशी म्हटलं. साय काढू, खालपर्यंत ढवळू, माफी मागू. त्यानं डोळे मिटले आणि हात घातला. थंड. चिकट. तळाकडं बोटं गेली आणि बोटांच्या मधे काहीतरी आलं. बोटभर लांब, मऊ, बुळबुळीत, आणि दाबलं तसं निसटलं.

त्यानं जी आरोळी ठोकली ती ऐकून गल्लीच्या तोंडाशी लागलेली बस न थांबताच निघून गेली. पुढं काय केलं ते त्याच्या डोक्यानं केलं नाही, हातापायांनी केलं. बरणी उचलली. ज्या माणसाला पाण्याची बादली उचलवत नव्हती त्यानं ती बरणी उचलली, मागचं दार पायानं लोटलं आणि धो धो पावसात मागच्या गटारावर उपडी केली. कोंडा धप्पकन पडला, गटाराच्या पाण्यात एक क्षण तपकिरी ढेकळासारखा उभा राहिला आणि कडेनं विरघळायला लागला.

त्या ढेकळाच्या वर, पावसानं धुऊन स्वच्छ झालेलं, एक वांगं होतं. मऊ, काळपट, पार गळलेलं. पण देठ शाबूत होता आणि देठाची हिरवी टोपीही. त्याच्या शेजारी दुसरं.

"काढून खा, विसरू नका."

तामेझो पावसात उभा राहिला. वांग्यांकडं बघत राहिला. मग एकदम धावत आत गेला, तांदूळ धुवायची रोवळी घेतली, परत आला, गटारात गुडघ्यावर बसला आणि पाण्याच्या धारेत रोवळी धरली. कोंडा तिच्यातून निसटत गेला. आजी गेली, युद्ध गेलं, यावाताचा डोंगर गेला, सगळं रोवळीच्या भोकांतून खाली उतारानं खाडीकडं निघालं. हाताला लागलं ते चमचाभर, त्यात शेवाळ आणि वरच्या घरातल्या कुणाच्या तरी कपड्यांचा साबण.

"दादा!" भिंतीवरून किनुएची छत्री दिसली, मग किनुए. "भर पावसात रोवळी घेऊन काय चाललंय?"

"गोगलगाई धरतोय."

"गटारात?"

"उगमापाशीच धरल्या पाहिजेत, वहिनी."

किनुएनं रोवळीकडं पाहिलं, रिकाम्या बरणीकडं पाहिलं, तामेझोच्या तोंडाकडं पाहिलं. छत्री खाली गेली. तामेझोनं हातातला चमचाभर कोंडा नाकाशी नेला. गटाराचा वास येत होता. तोही त्यानं पाण्यात सोडला आणि वाहत्या पाण्याकडं बघून मान लववली. कुणाला लववली ते त्यालाही सांगता आलं नसतं.

एवढ्यावर तो खरं बोलला असता तर बरं झालं असतं. त्याच्या मनातही ते आलं. फोनपर्यंत गेलाही. पण पोरगी निवांत झोपली आहे हे आठवलं आणि हात मागं आला. त्याऐवजी तो तांदूळवाल्या मोंजीकडं गेला आणि पिशवीभर कोंडा मागितला.

"हिसानोवहिनी तर डबा भरून ठेवून गेल्या होत्या," मोंजी म्हणाला.

"गोगलगाईंनी खाल्ला."

"कोंड्याला येतात खऱ्या त्या," मोंजी मान डोलावत म्हणाला. "माझ्या गोदामात तर पोत्याखाली झोपलेल्या असतात, पोट भरून."

झालं. मोंजीनं मान डोलावली आणि थापेला पाय फुटले. तामेझो घरी येईपर्यंत ती चालायला लागली होती.

नवा कोंडा त्यानं लावला. पाणी, मूठमूठ मीठ, समुद्री शेवाळाची वाळकी पट्टी, लाल मिरची, कोबीची वरची पानं. सगळं हिसानो करायची तसं. आणि आता तो ढवळायला लागला! सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. भीती कुठल्या कुठं पळाली होती. भीतीपेक्षा मोठं काहीतरी पोटात येऊन बसलं होतं. हाताची कातडी मिठानं सोलली तरी तो ढवळत राहिला, आणि ढवळताना पुटपुटायचा, "चुकलं हो आई. अहो, चुकलं." बरणीतून ओल्या भुशाचा वास यायचा. त्यानं एक काकडी पुरली, दुसऱ्या दिवशी चावून पाहिली. खाऱ्या लाकडासारखी लागली. अन्न म्हणून टाकवेना, म्हणून उभ्या उभ्या सगळी खाल्ली.

गोगलगाई येतच होत्या. पण मीठ घ्यायला त्याचा हात आता उठत नव्हता. ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांच्यावर त्यानं आधीच आळ घेतला होता, आणि अजून मोठा घ्यायचा होता. मग त्यानं मोरीपाशी एका बशीत चिमूटभर कोरडा कोंडा ठेवायला सुरुवात केली. सकाळी बशी चाटूनपुसून लख्ख असायची. चॉपस्टिकनं उचलून भिंतीपलीकडं टाकणंही त्यानं सोडलं. किनुएच्या लक्षात आलं की हल्ली फक्त तिच्याच बाजूनं उडताहेत. तिनंही मग हात आवरता घेतला.

हिसानो यायच्या दिवशी तामेझोनं मोंजीला आणि किनुएला चहाला बोलावलं. चार माणसांसमोर ती ओरडणार नाही, असा त्याचा हिशेब. पाऊस नेमका त्याही दिवशी होताच. हिसानो आली, छत्री मिटली, दमलेली पण खुललेली. बोचकं उतरवत म्हणाली, "नाक अगदी तुमच्यावर गेलंय हो. बिचारी!"

सगळे हसले. तामेझो हसला नाही. तो उभा राहिला, घसा खाकरला. "सांगतो," म्हणाला, "पण तुमच्यापैकी एकही जण विश्वास ठेवणार नाही."

"नाहीच ठेवणार. बोला!" मोंजी म्हणाला आणि मांडी ठोकून बसला.

"तू गेलीस त्याच आठवड्यात. सकाळची वेळ. मी आत येतो तर बरणीवर ही गोगलगाय! केवढी? लोडाएवढी! शिंगं छत्रीच्या काड्यांएवढी, आणि टोकाला डोळे, बशीएवढे. माझ्याकडं बघतेय, आणि शिंगांनी दगड उचलतेय."

"अरे बाप रे!" मोंजी म्हणाला.

हिसानो बोचकं सोडत होती. त्यातून तिनं एक छोटा पांढरा डबा काढला, घट्ट झाकणाचा, घासून पुसून कोरडा केलेला. तो बरणीशेजारी ठेवला. "सायोकोचा," इतकंच म्हणाली आणि बाह्या वर सारल्या.

तो डबा पाहिला आणि तामेझोची जीभ भरधाव सुटली. "मी झाडू घेतला! तिनं शेपटीनं झाडू मोडला. फडताळातली बिअर काढली, बूच दातांनी... म्हणजे दात नसतात तिला, पण उघडली तिनं. एका घोटात संपवली आणि बरणीत तोंड घातलं. ओरपायला लागली! मिटक्या मारत! मी ओरडतोय, अगं ती आई आहे, आई आहे, पण ऐकेल तर!"

"आणि रोवळी?" किनुएनं हळूच विचारलं.

"काय?"

"रोवळी होती ना तुमच्या हातात."

"रोवळी... ढाल म्हणून धरली होती, वहिनी!" तामेझोच्या कपाळावर घाम आला होता. "पण उपयोग नाही झाला. तळ चाटून पुसून तिनं बरणी साफ केली, माझ्याकडं बघून ढेकर दिला आणि मागच्या दारानं निघून गेली. खाडीपर्यंत चंदेरी रस्ता झाला होता, पावसानं धुतला म्हणून, नाहीतर दाखवला असता. आता जे आहे ते मी नव्यानं लावलंय. तिच्याच आठवणीनं. रोज ढवळलंय, हात बघ माझे."

मोंजी पोट धरून हसत होता. किनुए चहाच्या कपात बघत होती. हिसानोनं दगड उतरवला, झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. एकदा वर, एकदा खाली. मग हात काढून बोटाचं टोक जिभेला लावलं. मोंजीचं हसू आपोआप थांबलं.

"मीठ किती घातलंत?" तिनं विचारलं.

"तू घालायचीस तेवढंच."

"म्हणजे हात सोलेल इतकं."

तामेझोनं हात पाठीमागं नेले.

हिसानोनं मोरीकडं पाहिलं. तिथं बशी होती, आणि बशीच्या काठावर एक लठ्ठ, सुखावलेली गोगलगाय कोरडा कोंडा खात होती. हिसानोनं बरणीतला चिमूटभर ओला कोंडा घेतला, नेऊन तिच्या पुढ्यात ठेवला. गोगलगायीनं एक शिंग पुढं केलं, कोंड्याला टेकवलं आणि सर्रकन आत ओढून घेतलं. मग पूर्ण वळून दुसऱ्या दिशेला निघाली.

हिसानोनं सायोकोचा रिकामा डबा उचलून मांडीवर घेतला. आवाज चढवला नाही, पण गल्लीत ऐकू जाईल इतका स्वच्छ होता.

"खोटं. एक घास खायच्या आधी मिठानं विरघळून गेली असती ती. छत्री घ्या, आणि आईला कुठं ओतलंत ती जागा दाखवा."